हँडलबार बॅग : तीन घेतल्या, तिसरी दोन वर्षं रोज वापरतेय, म्हणून सविस्तर लिहितेय

गेल्या महिन्याभरात चार-पाच जणींनी विचारलं की ताई तुझ्या सायकलला पुढं जी चौकोनी बॅग आहे ती कुठली, घेऊ का, कितीला पडली. प्रत्येकीला वेगळं सांगताना काहीतरी राहून जातंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांब झालंय, पण ज्यांना खरंच घ्यायचीय त्यांनी पूर्ण वाचा, कारण मी पहिल्या दोन बॅगांवर जे पैसे घातले ते तुमचे वाचावेत एवढीच इच्छा आहे.

आधी माझा वापर सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मी साताऱ्यात राहते, हायस्कूलला गणित शिकवते, शाळा घरापासून ६ किलोमीटर, पावसाळा धरून जवळपास रोज सायकलनेच जाते. रविवारी यवतेश्वर घाट चढून कास, नाहीतर बोगदा ओलांडून ठोसेघर, कधी मेढ्याकडं. सायकल साधी हायब्रिड, सरळ हँडल, ७०० बाय ३८ चे टायर. उंची माझी ५ फूट १ इंच म्हणजे फ्रेम सगळ्यात लहान, आणि ही लहान फ्रेमची गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली, तेव्हा बुटक्या मैत्रिणींनो लक्ष ठेवा.

पहिली बॅग ऑनलाइन घेतली, सातशे रुपयांना. वर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, आत मोबाईल ठेवायचा, मॅप बघत जायचं, फोटोत छान दिसत होतं. हँडलला दोन वेल्क्रोचे पट्टे, बस. कंपनीचं नाव घेत नाही, असली बॅग दहा नावांनी विकली जाते. पहिल्या आठवड्यात खूश होते. मग लक्षात आलं की बॅग रिकामी असताना जागेवर राहते आणि सामान भरलं की हळूहळू खाली झुकते, पोवई नाक्याच्या उतारावर एक स्पीडब्रेकर आला आणि बॅगेचा तळ पुढच्या टायरला घासला, खर्रकन आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. थांबून बघितलं तर तळाचं कापड टायरनं खरवडलेलं. उतारावर पुढच्या चाकात काही अडकणं म्हणजे काय होऊ शकतं ते सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको.

आणि ती मोबाईलची खिडकी. एप्रिलमध्ये दुपारी साडेबाराला शाळा सुटल्यावर त्या प्लास्टिकखाली फोन एवढा तापला की स्वतःहून बंद पडला. पावसात प्लास्टिकवर पाणी असलं की टच चालत नाही. सहा महिन्यांत खिडकी पिवळट होऊन खालचं नीट दिसेना. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मोबाईलची खिडकी बघून बॅग घेऊ नका. मॅप सतत बघायचा असेल तर वेगळा मोबाईल होल्डर लावा, नाहीतर फोन बॅगेत ठेवा आणि चौकात थांबून बघा.

अजून एक त्रास झाला जो कुणीच सांगितला नव्हता. यवतेश्वरचा घाट चढताना गिअर आपोआप पडायला लागले, मी न बदलता साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारायची. दोनदा दुकानात नेऊन गिअर ट्यून करून आणले. दुकानात सायकल बरोबर चालायची, रस्त्यावर परत तेच, कारण दुकानात नेताना मी बॅग काढून ठेवत होते! शेवटी तिथल्या मेकॅनिकदादांनीच विचारलं की मॅडम बॅग लावून आणा बरं एकदा. मग कळलं, भरलेली बॅग गिअर केबलच्या बाहेरच्या नळीला दाबून मुरडत होती. नळी मुरडली की आतल्या तारेला ताण बसतो, आणि गिअरला तेवढा ताणही पुरतो. तर बॅग घेताना केबल कुठून जातात ते आधी बघा. सरळ हँडलला त्या बहुतेक हँडलसमोरून गोल वळून खाली येतात, म्हणजे बरोबर जिथं बॅग बसणार तिथूनच.

दुसरी बॅग घेतली ती लांबट गुंडाळीची, दोन्ही तोंडं गुंडाळून बकल लावायची. बाइकपॅकिंगवाले, म्हणजे सायकलवर सामान लादून मुक्कामी फिरणारे, वापरतात तसली. ती वस्तू म्हणून चांगलीच आहे, कापड जाड, वेल्डिंग केलेले, म्हणजे शिवण न घालता उष्णतेनं चिकटवलेले जोड, पाणी आत जाण्याचं नावच नाही. रात्री मुक्काम असेल, कपडे किंवा हलकी चादर न्यायची असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही, माझी मी अजून ठेवलीय आणि मोठ्या सुट्टीत वापरते. पण रोजच्या कामाला बिलकुल नाही. पाकीट काढायचं तर थांबा, एका बाजूचं बकल सोडा, गुंडाळी उलगडा, कोपरापर्यंत हात घाला, आणि पाकीट नेहमी दुसऱ्या टोकाला. चहाच्या टपरीवर दहा रुपये द्यायला एवढं सगळं. शिवाय काढायला-लावायला तीन पट्टे, त्यामुळं शाळेत पोचल्यावर काढून आत न्यायचा कंटाळा, आणि न काढावी तर चोरीची धास्ती.

तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं झालं की मला नेमकं काय पाहिजे. कापड, खिसे, रंग हे सगळं नंतर. आधी ही बॅग हँडलला कशी बसते आणि कशी निघते. एका हातानं उघडली पाहिजे, एका हातानं निघाली पाहिजे, आणि भरलेली असताना हलता कामा नये. हे जमत नसेल तर ती बॅग रोजच्या कामाची नाही, कितीही भारी कापडाची असो.

तिसरी, म्हणजे आत्ताची. ही चौकोनी डब्यासारखी आहे, आत प्लास्टिकचा पातळ पत्रा असल्यामुळं आकार धरून राहते, आणि हँडलला कायमचा बसवलेला एक अडॅप्टर आहे त्यावर वरून सरकवली की टक्‌ करून बसते. काढताना लाल बटण दाबायचं आणि वर उचलायची. अडॅप्टर क्लिकफिक्सचा आहे, जर्मनीतल्या रिक्सेन अँड कौल कंपनीची ही पद्धत, आणि त्यावर बसणाऱ्या बॅगा बाकीच्या कंपन्याही बनवतात, माझी बॅग अशीच दुसऱ्या कंपनीची आहे. ऑर्टलीब या दुसऱ्या जर्मन बॅग कंपनीची स्वतःची वेगळी क्लिप आहे, ती या अडॅप्टरवर बसेलच असं धरून चालू नका, बॅग आणि अडॅप्टर एकमेकांना बसतात का हे विचारूनच घ्या. मला दोन्ही मिळून साडेचार हजाराला पडलं, पुण्यातून मागवलं.

या अडॅप्टरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची बारीक स्टीलची तार. नुसता क्लॅम्प असेल तर बॅगेच्या वजनानं तो हँडलभोवती फिरून खाली झुकतो, माझ्या पहिल्या बॅगेचं झालं तसं. इथं ती तार हँडलच्या मधल्या दांड्याला, म्हणजे स्टेमला वेढा घालून आवळायची असते, त्यामुळं खाली झुकणारं वजन तारेवर येतं आणि क्लॅम्प फिरत नाही. बसवताना तार ढिली राहिली तर सगळं व्यर्थ, तेव्हा घाई करू नका, मला पाऊण तास लागला. याचा तोटा असा की एका सायकलवरून दुसऱ्या सायकलवर हलवायचं म्हणजे परत तो खटाटोप, दोन सायकली असतील तर दुसरा अडॅप्टर घेतलेला बरा. हँडलची जाडीही मोजून घ्या, मधोमध साधारण ३१.८ मिलीमीटर किंवा २५.४ असते, अडॅप्टर कुठल्या जाडीला चालतो ते पाकिटावर लिहिलेलं असतं. कार्बनचं हँडल असेल तर असला क्लॅम्प आवळण्याआधी हँडल बनवणाऱ्या कंपनीची परवानगी आहे का ते बघा, कार्बन दाबानं चिरतो.

आता लहान फ्रेमचं. माझ्या सायकलला हँडलपासून पुढच्या टायरपर्यंत सरळ खाली मोजलं तर फक्त २१ सेंटिमीटर जागा आहे. बॅगेची उंची १५, म्हणजे खाली ६ सेंटिमीटर उरतात, ते मला पुरतात. उंच माणसाच्या मोठ्या फ्रेमला हीच जागा कितीतरी जास्त असते, म्हणून त्यांना कुठलीही बॅग चालते आणि ते आपल्याला बिनधास्त सांगतात की घे गं काही होत नाही. तुमची सायकल तुम्ही मोजा. पुढं सस्पेन्शन असेल तर ते दबल्यावर चाक वर येतं, तेवढी जागा अजून सोडायची. ६३ मिलीमीटर दबणारा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, असेल तर सव्वासहा सेंटिमीटर तिथंच गेले आणि माझ्यासारख्या फ्रेमला ही बॅग घासणार हे नक्की.

मापावरून एक सांगते, गणिताची सवय म्हणून. विकणारे लिटर सांगतात ते डोळे झाकून मानू नका, लांबी-रुंदी-उंची विचारा आणि गुणाकार करा. माझी बॅग २२ बाय १५ बाय १५, गुणाकार ४९५० घन सेंटिमीटर, म्हणजे पाच लिटरला थोडी कमी, आणि कंपनीनंही पाचच लिहिलंय, बरोबर. याआधी बघितलेल्या एका बॅगेवर ७ लिटर छापलं होतं आणि मापं होती २० बाय १२ बाय १६. करून बघा, ३८४० येतात, चार लिटरसुद्धा नाहीत.

पाच लिटरमध्ये काय मावतं? मी एकदा सगळं किचनच्या काट्यावर ठेवून वजन केलं. एक ट्यूब १५० ग्रॅम, मल्टीटूल १५०, टायर लिव्हर ४०, पंक्चरचं सामान ३०, छोटा पंप १२०, पॉवरबँक २२०, रेनकोट ३००, फोन २००, पाकीट आणि किल्ल्या मिळून १५०, दोन केळी २४०. झाले १६०० ग्रॅम. यावर मोती चौकातून घेतलेला पाव किलो कंदी पेढ्यांचा बॉक्ससुद्धा बसतो, पण मग झाकण जरा दाबून लावावं लागतं. दोन किलोच्या वर मी जात नाही. अडॅप्टर जास्त पेलत असेल, पण हँडल पेलायला तुमचे हात आहेत. पुढं वजन वाढलं की हँडल वळवल्यावर ते स्वतःहून अजून वळायला बघतं, हळू चालवताना, चौकात वगैरे, हे सगळ्यात जास्त जाणवतं. जड वस्तू, म्हणजे टूल आणि पंप, तळाला आणि हँडलच्या बाजूला ठेवायच्या, समोरच्या टोकाला नाही. टूल जुन्या सुती फडक्यात गुंडाळा, नाहीतर खडखडाट होतो आणि केळ्यांचा शिकरणासारखा लगदा होतो. आणि पाणी पुढं ठेवू नका, बाटली फ्रेमवरच बरी. वह्यांचे, पेपरचे गठ्ठे यात बसत नाहीत, ते मागच्या कॅरिअरवर.

वाऱ्याची परीक्षा घ्यायची तर चाळकेवाडीला जा. ठोसेघरच्या पुढं ते पवनचक्क्यांचं पठार आहे, तिथं पवनचक्क्या कशासाठी उभ्या केल्यात ते सायकलवर बसलं की कळतं. बाजूनं वारा येतो तेव्हा बॅगेची सपाट बाजू शिडासारखी वागते आणि हँडलला झटके देते. ही बॅग लहान असल्यामुळं झटका सांभाळता येतो, पण मोठी दहा लिटरची घेतली असती तर मी तिथून उतरून चालत आले असते. यवतेश्वरचा उतार मी आता दोन्ही हात घट्ट ठेवून पण खांदे सैल सोडून उतरते, बॅग जागची हलत नाही, हँडल थरथरत नाही. घाट चढताना उभं राहून पॅडल मारलं तरी ती डावी-उजवीकडं झुलत नाही, गुंडाळीवाली झुलायची.

झाकण कुठल्या बाजूला उघडतं हे नक्की बघा, हे दुकानात कुणी सांगत नाही. माझ्या बॅगेची बिजागरी समोरच्या बाजूला आहे, म्हणजे झाकण माझ्याकडून उचललं जातं आणि तोंड माझ्याकडं येतं. थांबल्यावर एक पाय टेकला की आतलं सगळं दिसतं, आणि समोरचा वारा झाकण उलट बंदच करतो. काहींची बिजागरी हँडलच्या बाजूला असते, ती उघडायची म्हणजे हात वरून पलीकडं न्यायचा आणि समोरून वारा आला की झाकण फाडकन अंगावर येतं. मागच्या वर्षी मी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, केली, तिला १३ तास ३० मिनिटं मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ च्या जवळपास सरासरी ठेवावी लागते, आणि प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्याला, कार्डावर शिक्का घ्यायचा असतो. कार्ड झाकणाच्या आतल्या जाळीत ठेवलं होतं, शिक्का, एक चिक्कीचा तुकडा, ओआरएसची पुडी, सगळं सायकलवरून न उतरता. माझ्या बरोबरच्या दोघी दर वेळी पाठीवरची सॅक काढून शोधत होत्या. पाठीवर काही नसल्यानं शेवटच्या ५० किलोमीटरला मान आणि कंबर किती मोकळी राहते ते एकदा अनुभवाच.

आता या बॅगेची कमतरता, तीही तेवढीच स्पष्ट सांगते. पाऊस. विकताना वॉटर रेझिस्टंट लिहिलं होतं, वॉटरप्रूफ नाही, आणि या दोन शब्दांत साताऱ्याच्या जुलैएवढा फरक आहे. कापडाला आतून कोटिंग आहे, कापडातून पाणी येत नाही, पण शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून येतं. कासच्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये तासभर भिजल्यावर तळाला पाणी साचलं होतं, पाकिटातल्या नोटा ओल्या झाल्या. घरी आणल्यावर मी आत कोरडे वर्तमानपत्राचे बोळे भरून बॅग दहा मिनिटं शॉवरखाली धरली, मग बघितलं कुठला कागद भिजलाय. चेनच्या दोन्ही टोकांचा आणि तळाच्या पुढच्या शिलाईचा. तुम्हीही नवीन बॅग आली की परत करायची मुदत संपायच्या आत हे करून बघा. जोरदार पावसातच रोज चालवायची असेल तर वेल्डिंगच्या जोडाची घ्या, ऑर्टलीबच्या तशा असतात. आयपी ६४ लिहिलेलं दिसलं तर त्यातला ६ धुळीसाठी आणि ४ चारी बाजूंनी उडणाऱ्या पाण्यासाठी, बुडवायला नाही. मी बॅगेवरचं रेन कव्हर वापरते आणि फोन-पाकीट झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत. आणि पुढच्या चाकाला मडगार्ड लावून घेतलं, कारण वरच्या पावसापेक्षा चाकानं उडवलेलं चिखलाचं पाणीच बॅगेच्या तळाला जास्त मारतं, हे मला मडगार्ड लावल्यावर कळलं.

कापडावर ६०० डेनियर, १००० डेनियर लिहिलेलं असतं ते धाग्याच्या जाडीचं माप आहे, ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच, पाणी अडवण्याशी त्याचा संबंध नाही. माझी ६०० ची आहे, दोन वर्षांत कुठं विरली नाही.

लाइटचं राहिलंच. बॅग बसली की हँडलवरचा हेडलाइट बॅगेमागं जातो, उजेड सगळा झाकणावर. मी लाइट खाली फोर्कच्या डोक्यावर, जिथं रिफ्लेक्टरचं भोक असतं तिथं, एक पत्रा लावून बसवला, उलट तिथून रस्त्यातले खड्डे जास्त चांगले दिसतात. बेल हँडलच्या ग्रिपजवळ सरकवली. केबल फ्रेमला जिथं घासत होत्या तिथं पारदर्शक चिकटपट्टी लावली, नाहीतर रंग जातो.

शाळेत पोचल्यावर लाल बटण दाबायचं, खांद्याला पट्टा लावायचा आणि हीच माझी पर्स. बाजारात, देवळात, बँकेत तशीच जाते. पहिल्या दोन बॅगांच्या वेळी मी वेगळी पर्स न्यायचे आणि पाकीट कशात राहिलं याचा घोळ व्हायचा, तो दोन वर्षांत एकदाही झाला नाही. यासाठी माझ्या मते साडेचार हजार वसूल आहेत. बजेट कमी असेल तर पट्ट्यांची साधी चौकोनी बॅग घ्या, पण तिसरा पट्टा हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या उभ्या नळीला, बांधणारी असावी, दोन पट्ट्यांची घेऊ नका, आणि हँडलवर पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, घसरत नाही.

घ्यायला जाताना सायकल बरोबर घेऊन जा. दुकानात बॅगेत पाण्याच्या दोन भरलेल्या लिटरच्या बाटल्या ठेवा, लावा, हँडल पूर्ण डावीकडं-उजवीकडं फिरवा, ब्रेक दाबून बघा बोटांना बॅग लागते का, गिअर सगळे वर-खाली करा, मग सायकलचं पुढचं चाक हातभर उचलून दोनदा आपटा. दुकानदार काही म्हणत नाही, चांगला असेल तर स्वतःच मदत करतो.

शिलाईवर आतून लावायची सीलिंग टेप मी मागवलीय, जूनच्या आधी लावणार आहे. ठोसेघरला पहिला मोठा पाऊस झाला की जाऊन येते आणि तळ कोरडा राहिला का ते इथंच खाली लिहिते. तोवर कुणाला सायकलचं माप बघून विचारायचं असेल तर हँडल ते टायर अंतर सेंटिमीटरमध्ये कळवा, सांगते कुठली बसेल.